मालक, भाडेकरू आणि मधले आपण

(युवकांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'घर'. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, समाजशास्त्राचा अभ्यासक नाही. पण पुण्यात नोकरीला लागल्यापासून भाड्याने राहतोय, आणि आकड्यांशी माझं रोजचं काम. त्यामुळे आकड्यांपासूनच सुरुवात करतो. कंटाळा आला तर सांगा, पण थोडा धीर धरा, कारण या आकड्यांच्या पोटात आपल्याच गोष्टी दडलेल्या आहेत.

१९६१ साली भारतातल्या शहरांत दर शंभर कुटुंबांपैकी साधारण ५४ कुटुंबं भाड्याने राहत होती. २०११ च्या जनगणनेत हा आकडा २८ च्या आसपास आला. स्वतःच्या घरात राहणारी शहरी कुटुंबं ६९ टक्के झाली. खेड्यांत तर जवळजवळ ९५ टक्के. त्यानंतरची जनगणना लांबत गेली, म्हणून अजूनही याच आकड्यांवर बोलावं लागतं.

वरवर पाहिलं तर आनंदाची बातमी आहे. पन्नास वर्षांत निम्मे भाडेकरू मालक झाले! पण जगाकडे बघा. जर्मनी आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत, आणि तिथली निम्म्याहून जास्त माणसं भाड्याने राहतात. स्वतःचं घर म्हणजे सुबत्ता आणि भाड्याचं घर म्हणजे गरिबी, असं सरळ गणित नाही. मग आपल्याकडे भाडेकरू कमी का झाले?

एक कारण मुंबईत सापडतं. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धाचा काळ, फाळणी, शहरात लोंढे येत होते, गरिबाला रस्त्यावर काढू नये हा हेतू चांगलाच होता. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि अर्धशतक राहिला. आपल्यापैकी कुणाचे आजोबा भेंडीबाजारात, मदनपुऱ्यात, नागपाड्यात राहत असतील तर त्यांना विचारा. महिन्याचं भाडं चहा-नाश्त्याच्या खर्चाएवढं. मालकाला इमारत दुरुस्त करायला परवडेना, आणि भाडेकरू सोडेना, कारण सोडलं तर पुन्हा मिळणार नाही. त्यातून पागडी आली. म्हणजे मालक नाही, पण मालकासारखाच. भाडेकरू म्हणावं तर खोली घ्यायला रोख रक्कम मोजलेली. कायद्याने ही पागडी अनेक वर्षं गुन्हा होती आणि अख्खं शहर ती खुलेआम देत-घेत होतं. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कुठे पागडीला कायद्याची मान्यता मिळाली.

परिणाम काय झाला? भाड्याने देण्यासाठी चाळ बांधायची हा धंदाच संपला. आधी शेठ लोक चाळी बांधायचे, सरकारही बांधायचं. वरळीच्या, नायगावच्या बीडीडी चाळी त्यातूनच आल्या. नंतर बांधणाऱ्याने बांधायचं आणि विकून मोकळं व्हायचं. ओनरशिप फ्लॅट, सोसायटी. ज्याच्याकडे पैसे होते तो मालक झाला. ज्याच्याकडे नव्हते त्याने झोपडी टाकली, आणि गंमत बघा, जनगणनेत तोसुद्धा मालकच झाला. कारण जनगणनेचा माणूस दारात येऊन विचारतो, घर स्वतःचं की भाड्याचं? तो कागद मागत नाही. जमीन कुणाची, बांधकामाला परवानगी होती का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, यातलं काहीच नाही. तुम्ही म्हणालात 'अपना है', त्याने लिहिलं 'स्वतःचं'.

म्हणून त्या ६९ टक्क्यांकडे मी जरा संशयाने बघतो. त्यात मलबार हिलचा बंगला आहे, माझ्या मिरजेतल्या मामांचं गुंठेवारीतलं घर आहे आणि मुंब्र्यातल्या एखाद्या सातव्या मजल्यावरची नोटरीच्या कागदावर विकत घेतलेली खोलीही आहे. तिघेही मालक. पण उद्या बँकेत गेले तर तिघांना मिळणारं उत्तर वेगळं, आणि बुलडोझर आला तर तोही तिघांकडे सारख्या वेगाने येणार नाही.

मुंब्र्याचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो मुस्लिम कुटुंबं मुंब्रा-कौशाकडे गेली. आधीच्या लहानशा गावाचं शहर झालं. लोकांना सुरक्षित वाटेल अशी जागा हवी होती, तीही झटपट आणि स्वस्त. बिल्डरांनी ओळखलं की ही माणसं कागद विचारणार नाहीत, कारण त्यांच्याकडे विचारायला वेळही नाही आणि दुसरा पर्यायही नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ एक इमारत कोसळली. बेकायदा बांधकाम, अजून वरचे मजले चढवणं चालू होतं आणि खाली माणसं राहायला आली होती. ७४ माणसं गेली. त्यात बांधकामावरचे मजूर होते, लहान मुलं होती. आपण त्या वेळी भ्रष्ट अधिकाऱ्यांबद्दल बोललो, बिल्डरबद्दल बोललो, आणि ते बरोबरच होतं. पण 'सुरक्षित' मोहल्ला शोधताना असुरक्षित छत का घ्यावं लागतं, हा प्रश्न तिथेच राहिला.

तर आता मुद्द्यावर येतो. बाजारात आपल्या माणसाला भाड्याचं घर मिळवायला जास्त मेहनत लागते. हे आपण एकमेकांना सांगत असतो, बाकीचे म्हणतात तुम्ही फार मनाला लावून घेता. म्हणून मोजलेली गोष्ट सांगतो. सौगातो दत्ता आणि विक्रम पठानिया या दोन अर्थतज्ज्ञांनी दिल्ली परिसरात एक प्रयोग केला. घर शोधायच्या वेबसाइटवर सगळी माहिती सारखी ठेवून, फक्त नावं वेगळी घेऊन घरमालकांना संदेश पाठवले. सवर्ण हिंदू नावाला उत्तर येण्याचं प्रमाण शंभरात ३५ होतं, मुस्लिम नावाला २२. म्हणजे सात मालकांशी बोलायचं असेल तर एकाला २० संदेश पाठवावे लागतात, दुसऱ्याला ३२. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर इनपुट सगळं तेच, फक्त नावाचा रकाना बदलला आणि आउटपुट बदललं. आमच्याकडे याला बग म्हणतात आणि त्याच दिवशी दुरुस्त करायला लावतात.

आणि हे फक्त गरिबांचं दुखणं नाही. २००८ मध्ये शबाना आझमींनी जाहीरपणे सांगितलं होतं की मुस्लिम असल्यामुळे त्यांना मुंबईत फ्लॅट घेता आला नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही संमिश्र वस्तीत घर मिळवण्यातल्या अडचणी नोंदवलेल्या आहेत. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग नकारात्मक क्षेत्र म्हणून ठरवून टाकले होते, तिथे कर्ज सहज मिळत नव्हतं. आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. मोहल्ल्याबाहेर घर मिळत नाही, मोहल्ल्यात कर्ज मिळत नाही. मग माणूस काय करणार? रोख देऊन, नोटरीवर, कागद न बघता घर घेणार. आणि जनगणनेत मालक म्हणून मोजला जाणार.

मी स्वतः पुण्यात घर शोधत होतो तेव्हा एका एजंटने फोनवर सगळं ठरवलं. भाडं, डिपॉझिट, चावी कधी. मग नाव विचारलं. दोन सेकंद शांतता. म्हणाला, "सर, मला काही प्रॉब्लेम नाही, पण मालक व्हेज आहेत." मी म्हटलं, मीही घरात मटण शिजवणार नाही म्हणून लिहून देतो. तर म्हणाला, "तसं नाही हो सर, समजून घ्या ना." समजून घेतलं. त्या माणसाचा राग नाही आला खरं तर. त्याचं ब्रोकरेज बुडालं होतं, तोही वैतागला होता.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचं कलम १५ धर्मावरून भेदभाव करायला सरकारला मनाई करतं. दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांपुरतं ते खासगी व्यवहारालाही लागू होतं. एखाद्या खासगी माणसाने आपला फ्लॅट कुणाला भाड्याने द्यावा, यावर थेट बंधन घालणारा कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा त्या सोसायटीचा उपविधी वैध ठरवला. त्या निकालाचा आधार घेऊन अनेक ठिकाणी लोक छाती पुढे काढतात. पण ते विसरतात की त्या सोसायटीच्या नोंदलेल्या उपविधीतच ती अट होती. आपल्या बहुतेक सोसायट्यांत असा उपविधी नसतोच. कमिटीतले चार जण तोंडी ठरवतात आणि त्याला 'सोसायटीचा रूल' म्हणतात.

महाराष्ट्रात तर त्यांना उलट बांधणारी तरतूद आहे. सहकारी संस्था कायदा १९६० चं कलम २३ म्हणतं, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. फ्लॅट विकत घेतला आणि सोसायटी सभासद करून घेत नाही, तर निबंधकाकडे अपील करता येतं. भाडेकरूच्या बाबतीत आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमालकाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. भाडेकरू ठेवला म्हणून जे ना-भोगवटा शुल्क लावतात, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, तीही माहितीच असते, पोलिसांची मंजुरी नव्हे. मालक भला असतो, घर द्यायला तयार असतो आणि 'सोसायटी एनओसी देत नाही' म्हणून मागे फिरतो, अशा वेळी ही माहिती त्याच्या हातात द्या. निम्म्या वेळा तो बिचारा स्वतःच घाबरलेला असतो.

आता करारनाम्याबद्दल. तुमच्यातल्या किती जणांचा भाडेकरार नोंदणीकृत आहे? हात वर करा... बघा. बाकीच्यांचा शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर आहे, अकरा महिन्यांचा. अकरा महिने का, तर कुणीतरी सांगितलंय की वर्षाच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. हे देशाच्या नोंदणी कायद्यातून आलेलं आहे. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ आहे. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मजेची गोष्ट, करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत.

खर्च किती? १८ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज कल्पून तेही त्यात धरतात. सगळं मिळून साधारण सव्वापाचशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी हजार. आता हे ऑनलाइन होतं, बोटाचा ठसा दिला की झालं. तुमच्या गॅससाठी, पासपोर्टसाठी, बँकेच्या पत्त्यासाठी, मुलाच्या शाळेसाठी हा कागद लागतो. ज्या काळात माणसाला 'तू इथलाच का?' असं विचारलं जाऊ शकतं, त्या काळात दीड हजार रुपये वाचवण्यासारखी ही जागा नव्हे.

मुंबई, कुर्ला, मुंब्रा बाजूला आणखी एक पद्धत आहे, हेवी डिपॉझिट. पाच-सात लाख एकदम द्यायचे, महिन्याचं भाडं शून्य किंवा नावापुरतं. घर सोडताना सगळे पैसे परत. आपल्यात ही फार लोकप्रिय, कारण 'ब्याज नहीं देना पड़ता'. अनेक उलमांनी यावरही आक्षेप घेतलाय. ते म्हणतात, डिपॉझिट म्हणजे तुम्ही मालकाला दिलेलं कर्जच आणि त्याबदल्यात फुकट राहायला मिळणं हा कर्जावरचा फायदा. मी मुफ्ती नाही, त्या वादात पडत नाही. मी हिशेबाचं सांगतो. तुमचे सात लाख मालकाने मुलीच्या लग्नात खर्च केले. आता पुढचा हेवी डिपॉझिटवाला मिळेपर्यंत तुमचे पैसे तो आणणार कुठून? आणि कागद नोटरीचा. पैसे अडकलेली कितीतरी कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत.

व्याजाचा विषय निघालाच आहे तर तो टाळत नाही, कारण शिबिरात चहाच्या वेळी प्रत्येक जण मला हेच विचारतो. आधी आकडे. ६५ लाखांचा फ्लॅट धरा, ५० लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ३५ हजार ४१७ व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त आठ हजारांच्या आसपास. वीस वर्षांत तुम्ही एक कोटी चार लाख भरता, त्यातले चोपन्न लाख व्याज. त्याआधी हातातले पंधरा लाख, पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्काचे साडेचार लाख, नोंदणीचे तीस हजार. हाच फ्लॅट भाड्याने १८ हजारांत मिळत असेल, तर मालकाला वर्षाला किमतीच्या सव्वातीन-साडेतीन टक्के मिळतात. म्हणजे तुम्ही साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलून साडेतीन टक्के भाडं वाचवताय. बाकीचा भरवसा किंमत वाढण्यावर. ती वाढेलही. पण ऑफिसात जो म्हणतो, 'भाडं म्हणजे पाण्यात पैसे', त्याला पहिल्या हप्त्यातले ३५ हजार कुठे गेले ते विचारा. 'टॅक्स वाचतो' हेही आता जपून बोलावं. नव्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

आता शरियतची बाजू. भारतात बिनव्याजी बँकिंगची शिफारस २००८ च्या रघुराम राजन समितीने केली होती. पुढे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विचार सोडून दिल्याचं समोर आलं. म्हणजे मलेशियात किंवा लंडनमध्ये बँक आणि तुम्ही भागीदारीत घर घेता, तुम्ही तिच्या हिश्शाचं भाडं देत देत तो हिस्सा विकत घेता, तो मार्ग आपल्या बँकांत नाही. युरोपातल्या उलमांच्या परिषदेने १९९९ मध्ये, दुसरा मार्ग नसलेल्या कुटुंबाला राहत्या एका घरापुरतं बँकेचं कर्ज घ्यायला गरजेच्या तत्त्वावर मुभा दिली. अनेकांनी ती मान्य केली नाही. आपल्याकडेही दोन्ही मतं आहेत. माझं मत विचाराल तर घर ही गरज आहे, आणि डोक्यावर पक्कं कायदेशीर छत असावं म्हणून कुणी कर्ज घेतलं तर त्याच्या ईमानावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. ज्याला घ्यायचं नाही त्यानेही शांतपणे भाड्याने राहावं, त्यात कमीपणा कसला? मला भीती तिसऱ्याची वाटते. व्याज नको म्हणून जो बिल्डरला रोख देतो आणि भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत बायका-पोरांना नेऊन ठेवतो. हरामपासून वाचताना तो त्यांचा जीव पणाला लावतोय.

एक कडू गोष्ट बोलून घेतो. घर नाकारण्याचं दुःख आपण जाणतो, मग आपले घरमालक कसे वागतात? तलाकशुदा बाई मुलाला घेऊन खोली विचारते, तिला मोहल्ल्यात 'मर्द कौन है साथ में?' असं विचारलं जातं. बॅचलर नको, दुसऱ्या मसलकचा नको, अमुक बिरादरीचा नको. दलित मुलगा विचारायला आला तर किती मुस्लिम घरमालक दार उघडतात? दिल्लीच्या प्रयोगात आपलं नाव बदललं की आकडा घसरला. असा प्रयोग आपल्या मोहल्ल्यात केला तर कोणत्या नावाला किती उत्तरं येतील, याचा अंदाज तुम्हाला आहे.

आणि घर घेणार असाल तर कुणाच्या नावावर? अब्बांच्या नावावर घेतात, अम्मीचे दागिने त्यात गेलेले असतात, कागदावर तिचं नाव नसतं. अब्बा गेले की मुलंबाळं असताना तिच्या वाट्याला आठवा हिस्सा. बहिणींना 'तुमचं लग्न करून दिलं ना' म्हणून तोही मिळत नाही, कुराणाने दिलेला असूनही. महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ६५ लाखांवर ६५ हजार. दीन म्हणून नाही तर निदान हिशेब म्हणून तरी बघा.

वेळ संपत आलाय, आयोजक घड्याळ दाखवताहेत. घर बघायला जाताना चार कागद मागा: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा क्रमांक, जो वेबसाइटवर टाकून पाहता येतो. बिल्डर म्हणेल, 'भाई, अपने ही लोग हैं, काग़ज़ क्या माँगते हो?' तेव्हा जरा जास्तच काळजीपूर्वक मागा. बाहेर टेबलावर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा एक कोरा नमुना ठेवलाय, फोटो काढून घ्या. ज्यांचं सोसायटीने सभासदत्व अडवलंय त्यांनी थांबा, निबंधकाकडे अर्ज कसा करायचा ते बसून बघू. आता प्रश्न विचारा.